मासळीबाजारातले माझे हात

आमच्या कॉलेजात अकरावीला एक मुलगी आहे. तिच्या ओठाच्या कडेला पांढरा डाग आला आहे. एक दिवस लायब्ररीबाहेर तिने मला गाठलं आणि माझ्या हातांकडे न बघता विचारलं, "ताई, पुढे काय होतं?"

मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखव." ती "हो" म्हणाली आणि गेली. तिला हे विचारायचं नव्हतं, हे मला कळत होतं. पण उभ्याउभ्या दुसरं काही सुचलं नाही. म्हणून लिहिते आहे. मला लिहायची फार सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे चुकलं तर सांगणारंही घरी कोणी नाही. जसं झालं तसं सांगते.

खवलं

पहिला डाग उजव्या हाताच्या मधल्या बोटावर आला, पेऱ्याच्या थोडा वर. मला वाटलं, माशाचं खवलं चिकटलंय.

हे वाचून कोणाला हसू येईल. पण आमच्याकडे हाताला खवलं चिकटलेलं असणं रोजचं आहे. बाबा मासेमारीला जातात, आई मासे विकते. केसांत, कानामागे, पुस्तकांच्या पानांत, कुठेही खवलं सापडतं. ते वाळलं की पांढरं, चकचकीत दिसतं. मी नखाने खरवडलं. निघालं नाही. आई म्हणाली, "बोटाक खवल चिकाटलेला आसा गो, धू मगे." मी साबणाने धुतलं, मग काथ्याने घासलं. बोट लाल झालं आणि त्या लालीच्या मधोमध पांढरं तसंच राहिलं.

पुढचे काही दिवस मी ते रोज घासत होते. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की घासल्याने ते वाढू शकतं. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.

भवानी

पुढचं समजायला आधी आमच्या बाजाराबद्दल सांगायला हवं.

आई पहाटे मालवणच्या बंदरावर लिलावात मासळी घेते आणि एसटीने कट्ट्याला येते. कट्टा हे गाव समुद्रापासून आत आहे. आजूबाजूच्या गावांतली भातशेतीवाली, काजूवाली माणसं तिथे बाजाराला येतात. आईची जागा ठरलेली आहे, पण तिच्या नावाचा कागद कुठेच नाही. जो रोज बसतो त्याची जागा. चार दिवस रिकामी राहिली की शेजारची टोपली तिथे येते, आणि आलेली टोपली मग मागे जात नाही. त्या जागेवरच आमचं घर चालतं आणि माझं कॉलेजही.

दिवसाच्या पहिल्या विक्रीला आम्ही भवानी म्हणतो. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं. पहिले पैसे दोन्ही डोळ्यांना लावायचे आणि मग कमरेच्या पिशवीत टाकायचे. भवानी ज्याच्या हाताने होते, त्याच्या हातावर दिवसभराचा बाजार असतो असं मानतात. मी शाळेत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी आईबरोबर जायची. तेव्हा आई नेहमी म्हणायची, "भवानी तू कर गो. तुझो हात बरो आसा." मी पहिल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत बांगडे टाकायची, पैसे घ्यायची आणि आईकडे द्यायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. मी अभ्यासात बरी होते, पण तो अभिमान वेगळा होता.

डाग एकाचे दोन, दोनाचे पाच झाले, दुसऱ्या हातावर आले, डाव्या डोळ्याच्या कडेलाही एक आला. त्या सुमारास एका रविवारी मी पाणी आणायला नळावर गेले होते. परत येताना शेजारी बसणाऱ्या शेवंताकाकीचा आवाज कानावर आला.

"वैनी, रागाव नको. पण तसल्या हातान भवानी कित्याक करूक देतंस? बाजार बसतलो."

आई टोपलीतली मासळी सारखी करत राहिली. मीही काही न ऐकल्यासारखी येऊन बसले. पण पुढच्या रविवारी पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा आईने मला सांगितलं, "तू बरफ फोड." आणि भवानी तिने स्वतः केली. त्यानंतर दर वेळी भवानीच्या वेळेला माझ्यासाठी दुसरं काहीतरी काम निघायचं.

मला आजारापेक्षा हे जास्त लागलं. तेव्हा ते मला असं नीट कळलं नव्हतं, आता लिहिताना कळतंय.

दूध

धुरीमावशी आईचं जुनं गिऱ्हाईक. आतल्या गावात राहते, जीभ तिखट आहे. मासा उचलून कल्ले उघडून बघितल्याशिवाय घेत नाही. तिनेच पहिल्यांदा सगळ्यांसमोर विचारलं.

"मासळी खाऊन वर दूध प्यालंस काय गो कधी?"

"आठवत नाय, मावशे."

"प्यालेलंस असतलंस. तेचाच ह्या. माझ्या म्हायेराक एकाक असाच झालेला."

मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड येतं, हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. बाजूची दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघू लागली. आणि मग टोपलीतल्या बांगड्यांकडे. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला दिसत होतं. मासळी विकणारीच्याच मुलीला झालंय. आईलाही दिसलं असावं. ती घाईघाईने म्हणाली, "दुधान झाला असतला. मासळीन नाय."

त्या रात्री जेवताना आईने माझ्या ताटात डाळ वाढली. बाकी दोघांच्या ताटात पेडव्यांची कढी, म्हणजे बारीक माशांचं कालवण. दुसऱ्या दिवशी मला चहाही बिनदुधाचा मिळाला. दोन्ही बंद. म्हणजे कशाने का झालेलं असेना, दोन्हीतलं काहीच पोटात जायला नको.

कुडाळ

त्वचेच्या डॉक्टर कुडाळला आहेत. आम्ही एसटीने गेलो. आई नवी साडी नेसली होती, जणू कोणाकडे मागणी घालायला चाललोय.

डॉक्टरबाईंनी माझे हात उलटसुलट करून पाहिले, खोलीतला दिवा बंद करून एका निळसर बत्तीखाली धरले. त्या उजेडात डाग असे चमकले की मला वाटलं ते दुसऱ्याच कुणाचे हात आहेत. दिव्याखाली जे दिसत नव्हतं तेही तिथे दिसलं. बोटांच्या टोकांपर्यंत ते पोचलं होतं.

त्या म्हणाल्या, "हे कोड आहे. लागण होत नाही. तुमच्या पेशी शरीराच्या स्वतःच्याच चुकीमुळे रंग बनवायचं थांबवतात. यात तुमचा काही दोष नाही."

आई घरात आणि बाजारात मालवणी बोलते. दवाखान्यात ती प्रमाण मराठी बोलायचा प्रयत्न करते आणि प्रत्येक शब्द जपून टाकते. तिने विचारलं, "बाई, हिचे मासे बंद केले ते बरोबर केलं ना?"

"कशाला बंद केले?"

"दूध आणि मासे..."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही. सगळं खाऊ द्या."

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "मी मासे विकते."

डॉक्टरबाईंना ते कशासाठी सांगितलं हे कळलं नसावं. त्यांनी मान हलवली. मला कळलं. आईला मासळीने झालं नाही हा निकाल ऐकायचा होता, कागदावर मिळाला तर आणखी बरं.

मग त्यांनी मला सरळ सांगितलं, आणि त्यासाठी मी त्यांची आजही आभारी आहे. चेहऱ्यावरचा रंग परत येण्याची शक्यता बरी आहे. बोटांची टोकं हट्टी असतात. कदाचित तिथे येणारच नाही. मलम लिहून दिलं, रक्त तपासायला सांगितलं आणि म्हणाल्या, "इथे वरचेवर येणं जमत नसेल तर हे औषध लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात हात धरायचे. अगदी थोडा वेळ. जास्त नाही."

बाहेर पडल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी स्टॅंडवर भेळ खाल्ली. आईने खाल्ली नाही.

ऊन

डॉक्टरांनी सांगूनही घरात मासे माझ्यासाठी बंदच राहिले. यावरून आईबाबांची भांडणं व्हायची.

बाबा म्हणायचे, "सगळी वाडी मासळी खाता. सगळ्या वाडीक कोड इलो काय?"

"तुमका काय? तुम्ही दर्यात. लोकांका तोंड मी देतंय."

बाबा यावर उठून जाळं विणायला घ्यायचे. आई खरं बोलत होती. कधीतरी ते होडीवरच्या चुलीत भाजलेला बांगडा केळीच्या पानात गुंडाळून आणायचे आणि माडाखाली मला द्यायचे. आम्ही दोघं उभ्यानेच खायचो. ते म्हणायचे, "काटे थयसर टाक, मांजर खायत." म्हणजे पुरावा राहू नये. त्या काळातली ही एक चांगली आठवण आहे.

उन्हाचं काम आईने स्वतःकडे घेतलं. आमच्या अंगणात सुकी मासळी घालायची जागा आहे. खारवलेले बांगडे एका बाजूला, सुंगटं म्हणजे छोटी कोलंबी दुसऱ्या बाजूला. सकाळी औषध लावून मी त्यांच्या मधोमध पाटावर बसायची, दोन्ही हात पुढे करून. कावळे आले की आई त्यांना हाकलायची, आणि मला वाटायचं आज माझ्यासाठीही हाकलते आहे. मी हे मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती खूप हसली. मीही हसले.

आईला ऊन कळतं. मासळी कधी उलटायची, कधी उचलायची, हे ती आभाळाकडे बघून सांगते. म्हणूनच तिला डॉक्टरांचं "थोडा वेळ" पटत नव्हतं. "इतक्यान सुंगटा पण वाळणत नाय," ती म्हणायची. एक दिवस तिने मला उठू दिलं नाही. "बस अजून. बरा ऊन पडलाहा." मी बसले. मलाही वाटलं, लवकर जाईल.

संध्याकाळी दोन्ही हातांवर फोड आले. पांढऱ्या जागीच. रंग नसलेल्या कातडीला ऊन सोसत नाही, हे तेव्हा कळलं. आईने थंड पाण्यात माझे हात धरून ठेवले. तिचे स्वतःचे हात काळे, चिरा पडलेले, मिठाने खाल्लेले. ती म्हणाली, "माका वाटला जास्त बसलंस तर बेगीन जातले."

मी म्हटलं, "मी बांगडो नाय, आये."

ती रडली. मी तसं बोलायला नको होतं असं वाटलं, पण शब्द बाहेर पडला होता.

आरसा

इथे त्या मुलीने बहुधा विचारलं असतं असं थोडं लिहिते.

कोड यायच्या आधीही मला माझं रूप आवडत नव्हतं. मी काळी आहे. नववीत असताना आतेच्या कपाटातलं गोरं करणारं क्रीम मी चोरून लावायची. तेव्हा गोरं व्हायचं होतं. मग अंगावर इतका पांढरा रंग आला की तो कुठे ठेवावा कळेना. ही गोष्ट मला विचित्र वाटते, पण तिच्यातून काही शिकवण काढता येईल असं वाटत नाही.

कॉलेजात मी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. हात ओढणीत. वर्गात फळ्यावर लिहायला बोलावतील म्हणून मी मागच्या बाकावर. एका मैत्रिणीने तिच्या रंगाचं पावडरीचं डबडं दिलं. लावल्यावर हात पुठ्ठ्याचे वाटायचे, आणि घाम आला की डागांभोवती कडा उठायच्या. फोटो काढताना सगळ्या हात वर करून बोटं दाखवतात, तेव्हा मी पाण्याची बाटली धरायची. माझ्या त्या वर्षाच्या प्रत्येक फोटोत एक बाटली आहे.

घरी आई रोज माझे हात तिच्या डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि म्हणायची, "कमी झाले हां. बघ, हयसर होतो तो डाग गेलो." खरं तर डाग वाढत होते. मला तिचा राग यायचा. खोटं बोलून धीर देते आहे असं वाटायचं. मी हात ओढून घ्यायची.

हातमोजे

मग आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. तिला बरेच दिवस धुकट दिसत होतं, पण ती कोणाला सांगत नव्हती. शेवटी भलती नोट सुटे म्हणून परत दिली तेव्हा कळलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांना होता. एका डोळ्याचं लगेच करायचं ठरलं. नंतर काही आठवडे घाण पाणी, धूर, वाकणं, काही चालणार नव्हतं. म्हणजे मासळीबाजार नाही.

जागा रिकामी ठेवायची नव्हती. बाबा बाजारात बसत नाहीत. आमच्याकडे पुरुष पकडतात आणि बायका विकतात. राहिले मी. सुट्टी चालू होती.

आदल्या संध्याकाळी आई म्हणाली, "जमतला तुका?" मी म्हटलं, "जमतला." तिला भवानीबद्दल काहीतरी बोलायचं होतं असं मला वाटलं. तिने नुसती कमरेची पिशवी काढून माझ्याकडे दिली.

मी औषधाच्या दुकानातून रबरी हातमोजे आणले, डॉक्टर घालतात तसे पातळ. मला वाटलं, आता कोणी काही म्हणणार नाही. हे माझ्या डोक्यात का आलं कोण जाणे. मासळीबाजारात आजवर कोणी हातमोजे घातलेले नाहीत. मी टोपली उघडली आणि सगळा बाजार माझ्या हातांकडेच बघायला लागला.

"ह्या काय गो, बांगड्याचा ऑपरेशन करतंस?" समोर बसणाऱ्या भाजीवाल्याने विचारलं.

एक बाई मासा उचलून वास घेऊन म्हणाली, "मासळीक औषद मारलेला आसा काय? नायतर हाताक रबर कित्याक?" आणि ती शेवंताकाकीकडे गेली. तिच्या मागून आणखी दोघी.

ओले मासे मोज्यांतून निसटायचे. आडाळो, म्हणजे आमची विळी, नीट धरता येत नव्हती. पहिल्या दिवशी निम्मी मासळी उरली आणि घरी आणून मीठ लावावी लागली. दुसऱ्या दिवशी शेवंताकाकीची टोपली आमच्या जागेत वीतभर सरकलेली होती. ती प्रेमाने म्हणाली, "चेडवा, तू अभ्यास कर. हयसर मी बघतंय." तिने मला बर्फही दिला. ती वाईट नाही. पण टोपली सरकलेली होती.

तिसऱ्या दिवशी घाईत आडाळ्याने मोज्याचं टोक कापलं गेलं. बोट वाचलं. मी नवा मोजा चढवला आणि कामाला लागले.

चौथ्या दिवशी धुरीमावशी आली ती लांबूनच ओरडत.

"गो चेडवा! माझ्या कढीत तुझा बोट गावला!"

सगळा बाजार थांबला. तिने पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली, उघडली. आत मोज्याचं टोक. हळदीने पिवळं झालेलं, शिजलेलं.

"माझो घोव इचारता, ह्यो खंयचो मासो? काटो नाय, चव नाय!"

भाजीवाला इतका हसला की तराजू सोडून बसला. शेवंताकाकी पदर तोंडाला लावून हसत होती. मी मान खाली घातली.

"मावशे, चुकला माझा. आज पैसे देव नको."

"पैशाचा काय सांगतंस? माका बांगडे व्हये, रबर नको. काढ ते मोजे."

"हात..."

"हात काय? माका ठाऊक आसा. माझ्यासमोरच इले ते." मग आवाज थोडा खाली आणून तिने विचारलं, "दूध पितंस काय अजून?"

"नाय."

"मगे बरा. काढ."

मी मोजे काढले. आत घामाने हात सुरकुतले होते, त्यामुळे डाग आणखीच पांढरे दिसत होते. मी तिला कल्ले उघडून दाखवले. तिने मासा बघितला, भाव ऐकला आणि म्हणाली, "आवशीपेक्षा लबाड झालंस." मग नेहमीसारखी घासाघीस करून दोन बांगडे जादा मागितले. मी एक दिला.

धुरीमावशीचं मत बदललं असं मला वाटत नाही. ती अजूनही मानते की मला दुधाने झालं. पण ती मासळी माझ्याकडून घेते.

सगळ्यांनी घेतली असं नाही. एका शिक्षकांच्या बायको आईकडे नेमाने यायच्या. त्यांनी माझे उघडे हात बघितले. दुसऱ्या दिवसापासून शेवंताकाकीकडून घेतात. मला भेटल्यावर अजून हसतात, अभ्यास कसा चाललाय विचारतात. मीही नीट उत्तर देते. एक म्हातारा पैसे माझ्या हातात न देता टोपलीच्या कडेवर ठेवतो. मी तिथून उचलते.

पण मासळी संपायला लागली. मी शेवंताकाकीला म्हटलं, "काकी, टोपली जरा तुझ्या बाजूक." तिने सरकवली. त्या दिवशी घरी येताना एसटीत मला झोप लागली. खूप दिवसांनी अशी झोप लागली होती.

त्या मुलीला

पुढे काय होतं, असं तू विचारलं होतंस. माझं सांगते, तुझं वेगळं असू शकेल. डोळ्याजवळच्या डागात रंगाचे बारीक ठिपके आलेत आणि ते हळूहळू एकमेकांना भेटताहेत. हातांवर काही आलं नाही. डॉक्टरबाई म्हणतात अजून बघू. खात्रीचा इलाज म्हणून भिंतीवर नंबर लिहिलेले असतात, तिथे जाऊ नकोस. उन्हात जास्त बसू नकोस. घासू नकोस. मासे खा.

हात सुंदर वाटायला लागले का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणणार नाही. ते मला सुंदर वाटत नाहीत. आधीही वाटत नव्हते. पण आता मी त्यांना बाटलीमागे ठेवत नाही, कारण दिवसभर त्यांच्याकडे काम असतं. एवढंच मला प्रामाणिकपणे सांगता येतं.

आईचा डोळा

आईची पट्टी काढली त्या दिवशी मी बाजारातून घरी आले. ती ओट्यावर काळा चष्मा लावून बसली होती. म्हणाली, "माडाची एक एक पात दिसता गो." मग तिने सवयीने माझा हात ओढला, डोळ्यांजवळ नेला, आणि मग पुन्हा थोडा लांब धरला. चष्मा वर केला.

दुसरा हात मागितला. तोही बघितला.

"असे कधी झाले?"

"केव्हाचे. तू रोज बघतंस."

"माका कमी दिसत होते," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की ती कधीच खोटं बोलली नव्हती. तिला खरंच कमी दिसत होते. ती रोज हात डोळ्यांजवळ नेत होती, कारण तिला दिसत नव्हतं. आणि मी रोज ओढून घेत होते.

ती हात सोडेना. मला वाटलं आता रडेल, आणि मग मला तिला समजवावं लागेल. ती रडली नाही. तिने तिचा स्वतःचा हात शेजारी ठेवला आणि त्याच्याकडेही तितकाच वेळ बघितलं. "माझे पण काय झालेत बघ," एवढंच म्हणाली. त्या रात्री माझ्या ताटात तिने कढी वाढली. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून जेवत राहिले.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आई पहिल्यांदा बाजारात आली, नुसती बसायला. काळा चष्मा, डोक्यावर पदर. शेवंताकाकी म्हणाली, "वैनी, सिनेमातली दिसतंस." आई म्हणाली, "तुझी टोपली पण नीट दिसता हां आता." शेवंताकाकीने ती थोडी मागे घेतली.

पहिलं गिऱ्हाईक आलं. स्कूटरवरचा एक माणूस, आमच्या ओळखीचा नाही. बांगडे कसे दिले, त्याने विचारलं. मी सवयीने सरकले आणि आईला जागा करून दिली. बर्फ फोडायला लाकूड उचललं.

"खंय चाललंस?" आई म्हणाली. "भवानी कर."

"मी?"

"मगे कोण? इतके दिस कोण करी होता? विकली ना मासळी?"

"विकली."

"मगे झाला."

मी बांगडे मोजून त्याच्या पिशवीत टाकले. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मग आईकडे, मग पैसे दिले. नोट ओली झाली. मी ती आईला दिली आणि तिने नेहमीसारखी डोळ्यांकडे नेली.

"आये, डोळ्याक नको! डॉक्टरांनी सांगलाहा."

तिचा हात अर्ध्यात थांबला. चष्म्याआडून तिने माझ्याकडे बघितलं. मग नोट कपाळाला लावली, पिशवीत टाकली, आणि त्या माणसाला म्हणाली, "पिशवी नीट धरा. बांगडे खाली पडतले."